खालून, दोन्ही हातांनी

प्रिय दाएंग साक्का,

तुझ्या या भावाला मुलं किती, असं तू मागच्या निरोपात विचारलं होतंस. माझ्याकडे उत्तर नाही. घरात सगळ्यांना विचारून झालं, तेन्री, आता तू शिकलेली आहेस, तू सांग, असं तू चिडून म्हणालास. तुझा तो निरोप नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मधे फोन ठेवून मोठ्या आवाजात ऐकला गेला. तुझी जुमरिया साल्वाला पाजत होती. ती हसून म्हणाली, "सांग की त्याला, दोन." आई उठून चुलीकडे गेली आणि विझलेल्या चुलीत फुंकर घालत बसली. सगळ्यांसमोर हे सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आता लिहिते आहे. हे तू स्वतः वाच, सावकाश लागलं तरी चालेल, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. मळ्यातल्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. शेजारचे बाकरीकाका जहाजाने तिकडेच यायला निघालेत, त्यांच्या गठुळ्यात खारवलेल्या मासळीखाली हे पाकीट ठेवते आहे. वास येईल, त्याला इलाज नाही.

तू समुद्रापलीकडे तावाउला मळ्यात कामाला गेलास तेव्हा जुमरियाला नुकतेच दिवस गेले होते. पुढे दवाखान्यातल्या यंत्रात दोन जीव दिसले आणि तू तिकडे सगळ्या मजुरांना कॉफी पाजलीस, हे अजून इथे सांगतात. बाळंतपण झालं त्या दिवशी मी मकास्सरमध्ये होते. भाड्याचा काळा झगा घालून सभागृहाच्या दारात आईची वाट बघत होते. आपल्या घरात पहिल्यांदा कुणी पदवी घेतंय आणि घरचं एक माणूस आलं नाही, म्हणून मी रुसले होते, खोटं कशाला सांगू. इकडे तळं फुगून आपल्या खांबांवरच्या घराच्या शिडीच्या वरच्या पायरीला लागलं होतं, घराखाली पाणीच पाणी, आणि दिवस भरायच्या आत जुमरियाला कळा सुरू झाल्या. असल्या पाण्यात दवाखान्याकडे होडी न्यायला कुणी धजेना. घरात आई आणि म्हातारी सुईण, दोघीच. साल्वा आली आणि लगेच रडली. जुमरियाची शुद्ध हरपली. त्यानंतर दुसरं आलं. आई म्हणते ते इतकं ओलं आणि इतकं गुळगुळीत होतं की हातातून निसटलं, बांबूच्या जमिनीच्या दोन कामट्या जिथे तुटल्या होत्या त्या फटीतून खाली गेलं. रडलं नाही, फक्त पाणी वाजलं. सुईणीला विचारलं तर ती आईकडे बघते आणि सुपारी कातरायला घेते. मी घरी पोचले तेव्हा तिथे नव्या कामट्या बसवलेल्या होत्या, त्यांचा हिरवेपणासुद्धा गेला नव्हता. फट केवढी होती हे मला आता कधीच कळणार नाही.

जुमरिया शुद्धीवर आली तेव्हा आईने तिला सांगितलं, एक घरात राहिलंय, एक पाण्याचं होतं म्हणून पाण्यात गेलंय, येईल. दाएंग, आपल्याकडे असं सांगतात हे तुला मी कशाला सांगू? कुणाच्या आजोबांचा जुळा भाऊ मगर होता, कुणाच्या मावशीची बहीण अजगर. लहानपणी मला त्या गोष्टींची भीती वाटायची नाही, हेवा वाटायचा. आपल्याला असं कुणी नाही, म्हणून मी एकदा रडले होते आणि तू मला तळ्यातली मगर म्हणून ओंडका दाखवला होतास. तोच ओंडका. किती वर्षं मी त्याला भात टाकत होते.

पाणी उतरल्यावर जुमरिया पहिल्यांदा शिडी उतरून खाली गेली. पायाला चिखल लागला म्हणून तिने पाय धुवायच्या रांजणात करवंटी घातली, तर तळाशी तो बसला होता. अजगराचं पिल्लू, हातभर लांब, अंगठ्याएवढं जाड, अंगावर आईच्या सणाच्या लुंगीसारखी नक्षी. ती ओरडली नाही. तिने वर हाक मारली, "आई, आला." शेजारच्या बायका सांगतात की आईच्या हातातली परात तेव्हा खाली पडली. पण मग तिने पिवळा भात शिजवला, वर अंडं ठेवलं, आणि सगळ्या आळीला बोलावलं. तेव्हापासून सगळे त्याला दिन्रू म्हणतात, जुळा. दुसरं नाव कुणी ठेवलं नाही.

मी आले तेव्हा घरात जत्रा भरली होती. जो येई तो दिन्रूला उचलून घेई. कुणी गळ्यात घालून फोटो काढत होतं, कुणी डोक्यावर हळद लावत होतं, आईने त्याला साल्वाच्या शेजारी पाळण्याच्या झोळीत घालून झोके दिले होते. तो अंगाचा गोळा करून डोकं आत खुपसून बसायचा, आणि ओढून बाहेर काढलं की फुत्कारायचा. एका काकांच्या अंगठ्याला चावला. ते रक्त दाखवत म्हणाले, ओळखतोय मला, बापावर गेलाय अगदी. कोंबडीचं पिल्लू दिलं ते त्याने गिळलं, पण लगेच चार जणांनी पोट चाचपून बघितलं आणि त्याने ते तसंच ओकून टाकलं. जुमरिया कोपऱ्यात बसून होती. तिच्या हातात त्याला कुणी देतच नव्हतं, ओली बाळंतीण म्हणून. ती फक्त हातांकडे बघत होती, या हातातून त्या हातात.

मला वसतिगृहातली दामारिस आठवली. तोराजाच्या डोंगरातली पोर, माझ्या खोलीत पलंगाखाली प्लास्टिकच्या पेटीत अजगर पाळायची. पहिल्या आठवड्यात मी त्याला उचलायला गेले तर तिने माझ्या हातावर फटका मारला होता. नवा साप घरात आला की आधी त्याला एकटं सोडायचं, ती सांगायची. अंधारी जागा, अंग चोरून बसता येईल अशी. ऊब, पाणी, आणि कुणाचा हात नाही. तो स्वतःहून खाईपर्यंत उचलायचं नाही. खाल्ल्यावरही उचलायचं नाही, पोटातलं जिरेपर्यंत. डोळे दुधाळ झाले, कात यायची वेळ झाली, की नाही. आणि उचलायचं तेव्हा आधी गुळगुळीत काठीने अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे भक्ष्य नाही, माणूस आलंय, हे त्याला कळतं. वरून हात घालायचा नाही, वरून झडप घालतो तो शत्रू. खालून, दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाला आधार देऊन. मी तिला विचारलं होतं, एवढं केल्यावर तो माया करतो का गं? ती म्हणाली, "साप कुठला माया करतोय. तुझी भीती वाटायची थांबते, तेवढीच त्याची माया."

हे सगळं मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पदवीधर बाई, भाच्याला काठीने शिवणार होय तुम्ही?" तेव्हा मला एक युक्ती सुचली आणि तिचा मला फार अभिमान वाटला. मी म्हटलं, आई, बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना परक्याची नजर लागू देत नाहीस, हात लागू देत नाहीस. मग हा काय पाहुणा आहे? याचा सव्वा महिना नको? सगळ्या आळीला तिनेच बाहेर काढलं, आणि ते इतक्या जोरात की काकांची एक चप्पल आमच्याकडेच राहिली. विज्ञान सांगून जे झालं नसतं ते झालं. शाळेत शिकवायला लागले तर असंच शिकवीन, लोकांच्याच शब्दांत, असं मी त्या दिवशी ठरवलं.

चुलीमागे भिंतीला लागून एक झाकणाची टोपली, आत अर्धी करवंटी आडोशाला, वर पोतं. जुमरियाने माझे सगळे नियम पाठ केले. मी शाळेत बारा वर्षं तिच्या शेजारी बसले, पाढे तिला कधी पाठ झाले नाहीत. हे झाले. टोपलीपासून दूर बसून ती दिवसभर कानोसा घ्यायची आणि मी आले की सांगायची, आज पाणी प्यायला, आज करवंटीबाहेर आला. त्याने कोंबडीचं पिल्लू स्वतःहून गिळलं, ते पोटात टिकलं. मग एका सकाळी मी तिला म्हटलं, आज घे. तिने काठीने स्पर्श केला, थांबली, मग खालून दोन्ही हात घातले. तो तिच्या मनगटावरून सावकाश सरकला, जीभ हळूहळू आतबाहेर करत. घाबरलेला साप असा सरकत नाही. मला इतका आनंद झाला. जुमरिया त्याच्याकडे बघतच नव्हती, ती समोर भिंतीकडे बघत होती, आणि म्हणाली, "किती हलका आहे." मग बऱ्याच वेळाने, "मला कुणी उचलूच दिलं नव्हतं." मला वाटलं ती त्या जत्रेबद्दल बोलते आहे. दाएंग, मला तेव्हा तसंच वाटलं.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. मला इथल्या माध्यमिक शाळेत तात्पुरती नोकरी लागली. जुमरिया जेवायला लागली, केस विंचरायला लागली. दिन्रूने अखंड कात टाकली, डोळ्यांच्या पापुद्र्यासकट, आणि आईने ती साल्वाच्या उशाला बांधली. साल्वाही शहाणी झाली होती, रडेनाशी झाली होती. येणारे जाणारे म्हणत, काय गुणी पोर आहे. मीही म्हणाले. आई मात्र मधेच थांबून कान देऊ लागली, जेवताना, भांडी घासताना. काय झालं म्हटलं तर म्हणायची, काही ऐकू येत नाही. मला वाटलं, वय झालं, कानाचं काही असेल.

मग एकदा शाळा लवकर सुटली आणि मी दुपारीच घरी आले. आई तळ्यावर गेली होती, जुमरिया खाली कपडे वाळत घालत होती. चुलीमागे दोन टोपल्या होत्या. दोन्ही सारख्या, दोन्हींवर पोतं. मला वाटलं जुनी लहान पडली म्हणून जुमरियाने दिन्रूला दुसरी केली असेल. तो कुठल्या टोपलीत आहे हे कळेना, म्हणून मी नियमाप्रमाणे पोतं जरासं उचललं, आतल्या अंधारात काठी घातली आणि हलकेच स्पर्श केला. काठीला मऊ लागलं. ते हललं नाही. मी पोतं बाजूला केलं. आत साल्वा होती. जागी होती. पाय पोटाशी घेऊन, एका कुशीवर, आणि माझ्याकडे बघत होती. काठी तिच्या मांडीला टेकलेली होती आणि तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. रोज जे होतं तेच होतंय, असं तिचं बघणं. पापणी लवायला इतका वेळ लागला की मीच माझी मिटून घेतली.

जुमरिया वर आली. तिला काही लपवायचं नव्हतं. साल्वाचं पिऊन झालंय, ती म्हणाली, म्हणून ठेवलंय. मी तिला उचलायला गेले तर तिने माझा हात धरला. "तूच सांगितलंस ना तेन्री, खाल्ल्यावर उचलायचं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, शाळेत मी तिची पाटी तपासायचे तेव्हा असायचा तसा धाक होता. मी म्हटलं, अगं ते त्याचं, हिचं नाही. तिला कळेचना. जुळ्यांमध्ये डावंउजवं करायचं नसतं, एकाला दिलं ते दुसऱ्याला द्यायचं, नाहीतर ज्याला कमी मिळतं ते आजारी पडतं, हे तिला आईनेच मी घरी आले त्या दिवशी सांगितलं होतं, आणि मी तिथेच बसून मान हलवली होती. दोन झबली, दोन वाट्या, मला ते गोड वाटलं होतं. आता कळलं की माझा एकेक नियम साल्वालाही लागू झाला होता. आई तळ्यावर आणि मी शाळेत असताना, अंधार, पोतं, काठी. साल्वाच्या अंगावर पुरळ उठून साल गेली तेव्हा तर बरेच दिवस, पाजण्यापुरतं सोडून, तिला हातच लावला नव्हता. पहिल्यांदा ती पुष्कळ रडायची, जुमरिया म्हणाली, तोही फुत्कारायचा की नाही? मग दोघांची भीती गेली.

दवाखान्यातल्या परिचारिकेने साल्वाचं वजन केलं आणि पुन्हा केलं. तिने चुटकी वाजवली, टाळी वाजवली. कान ठीक आहेत, ती म्हणाली, पण ही कुणाला बोलवायचं सोडून बसली आहे. उचला, बोला, छातीशी धरा, आणि ताबडतोब. मी घरी येऊन साल्वाला कडेवर घेतलं की जुमरिया लगेच दिन्रूला बाहेर काढून गळ्यात घ्यायची, बरोबरी राखायला. मी खाली ठेवलं की तीही ठेवायची. मी शाळेत आणि आई तळ्यावर गेली की दोन्ही टोपल्यांवर पोती. आई मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, पोरीचा आवाज त्याने घेतलाय, मांत्रिकाला बोलावू या. मी म्हटलं, आई, त्याने काही घेतलेलं नाही. आणि मग तुला शोभेल अशा धीटपणे जुमरियासमोर बसले आणि सांगितलं की जुमरिया, तो साप आहे, तुझा मुलगा नाही. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "मग तो कुठे आहे?" मी आईकडे बघितलं. आई नव्या कामट्यांवर बसली होती, नेहमी बसते तिथे. ती उठली नाही. चार वर्षं मी जे शिकले त्यात याचं उत्तर कुठेच नव्हतं, दाएंग.

म्हणून मी पुन्हा आपल्याच माणसांच्या शब्दांत बोलले. जुमरियाला म्हटलं, आपल्याकडे मुलगे घरात राहतात का? पाण्यापलीकडे जातात. सगळ्यांचे गेले, साक्का गेला. दिन्रू आता मोठा झाला, त्याला बापाकडे पाठवायला हवं. मुलगी आईपाशी राहील. मग तिने विचारलं, प्रवासाआधी उपाशी ठेवायचं ना? मी म्हटलं, हो. तिने कापडाची पिशवी शिवली, श्वास घेता यावा अशी. ती जराशी ओली केली. तुझ्यासाठी पिवळ्या भाताची पुरचुंडी बांधली. सकाळी तिनेच त्याला काठीने स्पर्श केला, खालून दोन्ही हात घालून उचललं, पिशवीत ठेवलं, आणि गाठ मारायच्या आधी आत वाकून काहीतरी सांगितलं. ते मला ऐकू आलं नाही. तो आता तिच्या हाताहून लांब झाला होता आणि एकदाही फुत्कारला नाही.

मी होडी घेऊन तळ्याच्या पार पलीकडे गेले, डोंगराच्या बाजूला, जिथे माणसांची घरं नाहीत आणि लव्हाळी दाट आहेत. पिशवी काठावर उघडून ठेवली आणि लांब झाले. तो येईना. मला वाटलं, मी त्याला माणसांची सवय लावली, आता तो कसा जगेल. मग डोकं बाहेर आलं, सावकाश, जीभ हलवत. तो जंगलाकडे जाईल असं मी धरून चालले होते, साप तेच करतो. तो पाण्यात उतरला. डोकं वर धरून माझ्या होडीजवळून गेला, आणि नदी जिथून बाहेर पडते त्या तोंडाकडे वळला. समुद्र तिकडेच आहे. याला कारणं असतील. प्रवाह असेल, ऊन असेल. मी ती सगळी मनात मोजत परत निघाले, आणि आपलं घर अजून दिसतही नव्हतं तेव्हा पाण्यावरून रडणं ऐकू आलं. साल्वा. असं रडणं मी कुणाचं ऐकलेलं नाही, दाएंग, भांडल्यासारखं, घसा फाटेपर्यंत. शिडीच्या पायथ्याशी जुमरिया तिला छातीशी घट्ट धरून उभी होती, आणि तीही रडत होती, तशीच. पिशवी रिकामी बघून तिने विचारलं, "किती दिवसांत पोचेल?" मी म्हटलं, जहाजाला लागतात तेवढे.

आता तू समजला असशील की हे तुला का लिहिते आहे. टोपल्या मी चुलीत घातल्या. साल्वा रोज रडते, दिवसातून कितीदा, आणि आळी आता तिला हट्टी म्हणते. जुमरिया तिला खाली ठेवत नाही. पण ती दिवस मोजते आहे. तुझ्याशी पहिल्यांदा बोलेल तेव्हा ती तुझी ख्यालीखुशाली विचारणार नाही, ती विचारेल, तो पोचला का, आणि तू त्याला उचललंस का. हो म्हण. खालून, दोन्ही हातांनी, म्हण. फार हलका होता म्हण. पुढे कधीतरी तू घरी येशील तेव्हा तिला खरं सांगायचं की नाही ते आपण दोघं ठरवू, एकटीने ठरवायची माझी हिंमत नाही. तोवर तिला तुझ्याशी बोलता येऊ नये एवढं मात्र मी बघितलं आहे. तुझ्या निरोपांना इतके दिवस उत्तर का येत नाही, ते हेच. पगार झाला की नवा फोन घेऊ, तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडलेलं असेल. लव्हाळ्यांपाशी होडीतून वाकताना फोन माझ्या हातातून निसटला, असं मी घरी सांगितलं. जुमरियाने विश्वास ठेवला. आईने नाही. ती माझ्या हातांकडे बघत राहिली, आणि मग जवळ येऊन तिने माझे दोन्ही हात लुंगीच्या टोकाने पुसले. ते कोरडेच होते.

तुझीच,
तेन्री